आम्ही खंबीर आहोत, म्हणून किल्ली काढून घेऊ नका

प्रति,
आमच्या भागातल्या आरोग्याचा आणि सार्वजनिक जागांचा कारभार पाहणारे अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात आम्ही सात जणी समाजमंदिराची किल्ली परत मागायला तुमच्यापैकी एका कार्यालयात आलो होतो. सातही जणींनी त्या दिवशी कामावर खाडा केला होता. दोन तास बाकावर बसल्यावर आत बोलावणं आलं. साहेब वाकडं काही बोलले नाहीत, पाणीसुद्धा विचारलं. पण आम्ही निघताना म्हणाले, "तुम्ही बायका मुळातच खंबीर असता. कट्ट्यावर बसाल, झाडाखाली बसाल. हॉलचं काय एवढं घेऊन बसलात?"

त्यांनी ते कौतुकानेच म्हटलं असणार. तरीही घरी येईपर्यंत आमच्यातली एकही जण बोलली नाही. हे पत्र त्या वाक्याला उत्तर आहे. एका टेबलावर दिलेला अर्ज तिथेच राहतो हे आम्ही पाहिलं आहे, म्हणून ते चारचौघांत लिहिते आहे.

मी ठाणे-बेलापूर रस्त्याच्या वरच्या अंगाला, पारसिकच्या डोंगराला टेकलेल्या एका वस्तीत राहते. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत अशा वस्त्या पुष्कळ आहेत आणि गाऱ्हाणं थोड्याफार फरकाने सगळ्यांचं आहे, म्हणून वस्तीचं नाव लिहीत नाही. कार्यालयाचं आणि कुठल्या माणसाचंही नाव घेत नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, किल्ली हवी आहे.

आम्ही वडार. नवी मुंबई वसवायला १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे हे शहर उभं राहू लागलं, तेव्हा त्याला लागणारी खडी याच डोंगरातल्या खाणींतून निघत होती. माझे वडील सोलापूरकडून इथे आले ते खाणीवर घण मारायला. आई डोक्यावर पाटी वाहायची. वडील पन्नाशी गाठायच्या आत खोकून खोकून गेले. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की ती फुप्फुसं कायमची आवळत जातात, त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि गेलेलं फुप्फुस औषधाने परत येत नाही, हे मला खूप उशिरा, मुक्त विद्यापीठातून बी.ए. करताना वाचायला मिळालं. त्या वेळी आमच्याकडे सगळे एवढंच म्हणायचे की वडाराचा माणूस, दगडासारखा घट्ट, त्याला काय होतंय. 'खंबीर' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे, साहेब. तो ज्याला लावला जातो त्याला डॉक्टरकडे उशिरा नेतात.

आता माझं सांगते. मी सकाळी कोपरखैरण्यात दोन घरी स्वयंपाक करते आणि दुपारी वस्तीतल्या मुलांची शिकवणी घेते. २०२० च्या मार्चमध्ये सोसायट्यांची गेटं बंद झाली. एका घराने एप्रिलचा पगार दिला, दुसऱ्याने फोन उचलायचं सोडलं. नवऱ्याचा टेम्पो उभाच. मला रडू येत नव्हतं, मी बोलणंच बंद केलं होतं. भाकरी थापता थापता हात थांबायचा आणि तव्यावरची जळून जायची. रात्री छातीत धडधडायचं, नको नको ते विचार यायचे. एक दिवस माझ्या मुलीने हातातलं उलथनं काढून घेतलं आणि शेजारच्या आक्काला हाक मारली.

आक्का त्या दिवसापासून रोज संध्याकाळी यायची आणि तोंडाला पदर बांधून उंबऱ्याबाहेर बसायची. उपदेश नाही, 'धीर धर' नाही. येताना निवडायला काहीतरी आणायची, कधी लसूण, कधी तांदूळ. अर्धा लसूण माझ्याकडे सरकवायची. तिसऱ्या आठवड्यात मी पहिलं वाक्य बोलले, "हा लसूण जुना आहे, मोड आलेत." आक्का म्हणाली, "मग लाव डब्यात." तो लसूण आम्ही पत्र्याच्या डब्यात लावला. मी त्यातूनच वर आले.

लॉकडाऊन उठल्यावर आक्काच म्हणाली, आपण दोघीच कशाला, समाजमंदिर रात्री रिकामंच असतं. पाच जणी होतो. कुलूप पडलं तेव्हा वहीत छत्तीस नावं होती. सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी साडेसात ते नऊ.

तिथे काय चालायचं ते सांगते, कारण साहेबांना बहुतेक वाटलं की आम्ही गप्पा मारायला जातो. बचत गटाच्या पैशातून बीपीचं मशीन घेतलं. दारातच पट्टा बांधायचा, आकडा वहीत लिहायचा. पहिल्याच महिन्यात एका बाईचा १७०/१०० आला. तिला काहीच होत नव्हतं, फक्त 'डोकं जड असतं' एवढंच. ती आज गोळीवर आहे आणि चार घरची भांडी करते आहे.

मग चटईवर गोल करून बसायचं. प्रत्येकीने त्या दिवसाचा एक ताप सांगायचा. नियम दोनच होते. ऐकलेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही आणि विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. दुसरा नियम फार अवघड गेला. आपल्याकडे कुणी रडायला लागलं की आपण लगेच 'अगं सोड, होईल सगळं' म्हणून तिचं तोंड बंद करतो. ते न करता नुसतं बसून राहायला आम्हाला सहा महिने लागले.

आणि मिश्री. हे जरा सविस्तर लिहिते. आमच्याकडे दहातल्या सहा-सात बायका पहाटे मिश्री लावायच्या, मीही त्यातली. बाहेरच्यांना वाटतं ही दात घासायची अडाणी रीत. खरं कारण पोटात आहे. तंबाखूने भूक मरते. पाच वाजता बोटभर मिश्री लावली की अकरापर्यंत तीन घरं न खाता उरकता येतात. शिबिरात येऊन कॅन्सरचे फोटो दाखवतात, ते आम्हाला पटतं, भीतीही वाटते, पण सकाळी पाचला भूक आणि काम दोन्ही समोर उभे असतात. आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी सकाळी काहीतरी खायचं ठरवलं, रात्रीच्या भाकरीचा कुस्करा, नाहीतर शेंगदाणे-गूळ. मग मिश्रीचं बोट अर्धं केलं. पहिल्या आठवड्यात डोकं फुटायची वेळ येते, चिडचिड होते, पोरांवर हात उठतो. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी एक जण दुसरीच्या घरी जाऊन बसायची. कनवटीला मिश्रीच्या डबीऐवजी भाजलेल्या जवसाची पुडी. अकरा जणींची सुटली. कुलूप पडल्यापासून त्यातल्या चौघींनी परत धरली आहे. मी त्यांना दोष देत नाही.

आता कुलपाकडे येते. पावसाळ्याच्या तोंडावर सांगितलं की हॉल सामान ठेवायला लागणार आहे, दोन महिन्यांसाठी. पावसाळा संपून गेला. खिडकीतून आत बघितलं की ब्लीचिंग पावडरच्या गोण्या, प्लास्टिकचे पिंप आणि मोडक्या खुर्च्या दिसतात. त्याच भिंतीवर बाहेरून एक नवीन फलक लागला आहे: रोज ३० मिनिटे चाला, सकस आहार घ्या, पुरेशी झोप घ्या, तणाव टाळा.

फलकावरचं एकही वाक्य खोटं नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आम्हाला ते सगळं हवंच आहे. म्हणून त्या फलकाच्या ओळी घेऊनच आमच्या तक्रारी मांडते.

चाला. आम्ही चालत होतो. बैठक सुटल्यावर दहा-बारा जणी मिळून खालच्या सर्व्हिस रोडने टोकापर्यंत जाऊन यायचो. वाटेवरचे तीन दिवे बंद पडले. दोन अर्ज दिले. आता तिथे ट्रक उभे राहतात आणि त्यांच्या सावलीतून जायला तरण्या पोरी घाबरतात. दिवसभर चार-चार मजले चढून जिने पुसणाऱ्या बाईला वेगळं चालायला कशाला हवं, असंही मला एकाने विचारलं. कामाच्या घाईत कंबर मोडत चढणं वेगळं आणि मोकळ्या हातांनी मैत्रिणीबरोबर चालणं वेगळं, हे ज्याने दोन्ही केलंय त्याला कळतं.

सकस खा. रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळतं, गहू आणि तांदूळ, त्याचा आधार मोठा आहे. पण ज्वारी-नाचणीवर वाढलेली माणसं आम्ही, आणि ज्वारी आता गव्हाहून महाग. भाजी नसली की भाकरी उतरते ती मिठामिरचीवर, सुकटीवर, लोणच्यावर, आणि मग तेच मीठ बीपीच्या वहीत दिसतं. यावर आम्ही आमचा उपाय काढला होता. गुरुवारी दोघी जणी सकाळीच एपीएमसीच्या भाजी मार्केटला जायच्या, उरलासुरला माल एकदम उचलायच्या आणि संध्याकाळी समाजमंदिरात वर्तमानपत्रावर वाटे घालायच्या. माणशी चाळीस रुपयांत चार दिवसांची पालेभाजी. आमच्यातल्या कुणाच्या घरात छत्तीस वाटे मांडण्याइतकी जमीन नाही. हॉल बंद झाला आणि वाटेही बंद झाले. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेल्या आहेत, हे सरकारच्याच २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत आहे. आमच्या गल्लीत कुणाच्याही डोळ्याची खालची पापणी ओढून बघा.

झोप. आमच्या गल्लीत पाणी पहाटे साडेतीनला येतं. मी याहून जास्त काही लिहीत नाही.

रात्री शौचालयाला जायला लागू नये म्हणून बायका संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाहीत. लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, मूतखडा यांची चर्चा बैठकीत दर आठवड्याला व्हायची. हे फलकावर नाही, पण हीसुद्धा एक सवय आहे आणि ती दिवा नसल्यामुळे लागलेली आहे.

तणाव टाळा. इथे मला जरा थांबावंसं वाटतं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि आमच्या भागात 'हिला ठाण्याला पाठवा' ही अजून शिवी आहे. त्यामुळे 'मला मनाचा त्रास आहे' असं कुणी म्हणत नाही. टेन्शन आहे म्हणतात, जीव घाबरतो म्हणतात, मुंग्या येतात, अंगात कणकण आहे म्हणतात. डॉक्टर ताकदीची सुई देतात आणि बाई घरी येते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं की आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. त्या आकड्यांत आमच्या गल्लीतल्या बायकाही धरा.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो की सरकारी यंत्रणेतून मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा फोन आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतून. चांगली सोय आहे, मी स्वतः चार जणींना नंबर लावून दिला आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत सासू, नवरा आणि तीन मुलं असताना बाई त्या फोनवर बोलणार काय? समाजमंदिराच्या मागे एक छोटी खोली आहे, तिला दार आहे, आतून कडी आहे. त्या चौघींनी फोन तिथे बसून केला होता. सध्या त्या खोलीत पिंप आहेत.

राहिला दवाखाना. आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळची ओपीडी असायची. ती बंद केली, कारण विचारलं तर 'प्रतिसाद नाही' असं उत्तर आलं. वेळ होती साडेपाच ते सात. घरकाम करणारी बाई सातला बस पकडते. २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आखलं तेव्हाच मजुरांना जमतील अशा वेळा ठेवायचं ठरलं होतं. बीपीच्या गोळ्या दहा दिवसांच्या देतात, म्हणजे महिन्यात तीन खाडे. तिसऱ्या खाड्याला मालकीण दुसरी बाई बघते, म्हणून बाई गोळीच सोडते. देशात २०१७ पासून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम चालू आहे त्यात ३० दिवसांच्या गोळ्या एकदम देण्याची पद्धत आहे. मग आमच्याकडेच दहा का?

साहेब, तुम्ही आम्हाला खंबीर म्हणालात. आमचा जो काही धीर आहे तो आईच्या पोटातून आलेला नाही. तो त्या चटईवर, दोन पंख्यांखाली, आठवड्यातले तीन तास बसून थोडाथोडा साठवलेला आहे. कट्ट्यावर बसा म्हणालात, तर कट्ट्यावर संध्याकाळी दारू प्यायलेले पुरुष बसतात आणि त्यांतल्याच एखाद्याबद्दल त्याच्या बायकोला बोलायचं असतं. झाडाखाली मार खाल्लेली पाठ दाखवता येत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत:

१. समाजमंदिर आणि मागची खोली सामान हलवून रिकामी करावी आणि सोमवारी व गुरुवारी संध्याकाळी ७ ते ९.३० आमच्यासाठी उघडी राहील असं लेखी द्यावं. झाडलोट आम्ही करू, विजेच्या बिलातला आमचा वाटा बचत गट देईल. बाकीच्या संध्याकाळी मुलांना अभ्यासाला द्यावं.

२. आरोग्य केंद्राची संध्याकाळची ओपीडी परत सुरू करावी, पण साडेसात ते नऊ या वेळेत. निदान आठवड्यातून दोन दिवस.

३. बीपी आणि शुगरच्या गोळ्या महिन्याच्या द्याव्यात. आमच्या वहीतले आकडे तुमच्या नर्सताईंनी बघावेत, चुकत असेल तिथे आम्हाला शिकवावं.

४. पंधरवड्यातून एकदा समुपदेशक बाई समाजमंदिरात याव्यात. केंद्रात नको, कारण तिथल्या रांगेत अख्खी वस्ती असते. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना मराठी नीट येत नाही, वडारी येते. त्यांच्यासाठी बोलायला वस्तीतलीच एक बाई आम्ही देऊ.

५. सर्व्हिस रोडचे तीन आणि शौचालयाच्या वाटेवरचे दोन दिवे लावावेत. खांबांचे नंबर अर्जात दिलेले आहेत.

६. पाण्याची वेळ पहाटे साडेतीनऐवजी पाचनंतरची करावी.

यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही. दिव्यांना खर्च आहे, समुपदेशकाला खर्च आहे, ते आम्हाला कळतं, त्याला वेळ लागत असेल तर तारीख सांगा, आम्ही थांबू. किल्लीला मात्र वेळ का लागावा हे आम्हाला कळलेलं नाही.

आक्का आता सत्तरीला आली आहे, पायऱ्या चढताना तिला दम लागतो. तरी गेले तीन सोमवार ती समाजमंदिराच्या बंद दारासमोर पायरीवर येऊन बसते, मांडीवर निवडायचं ताट घेऊन. पहिल्या सोमवारी ती एकटीच होती. मागच्या सोमवारी आम्ही चौदा जणी होतो, बीपीचं मशीन आणि वही घेऊन, मोबाइलच्या उजेडात. येत्या सोमवारीही साडेसातला तिथेच असू. तुमच्यापैकी कुणीतरी या. येताना किल्ली आणा, चटई आमच्याकडे आहे.

आपली,
वस्तीतील एक रहिवासी,
आणि वहीतल्या बाकीच्या पस्तीस जणी